आधी जोते, मग शहर

एल्बे नदी उत्तर समुद्राला मिळते ती हॅम्बुर्गपासून शंभरेक किलोमीटर पुढे. तरीही ऐन शहरात तिचे पाणी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरांहून जास्त चढते आणि तेवढेच उतरते. सांडटोरकाईच्या जुन्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले की या चढउताराचा हिशेब भिंतीवरच वाचता येतो. तळाशी काळा, बुळबुळीत गाळ. त्यावर शेवाळाचा हिरवा पट्टा. त्याच्या वर ओल सुकून पांढुरका झालेला दगड आणि गंजलेली कडी, जिला पूर्वी जहाजांचे दोर बांधत. आणि त्याहून वर, जिथे आता लोक निवांत फिरतात त्या पातळीला, इमारतींच्या पायाशी जाड पोलादी दारे.

दारे उघडी असली तर नजरेत भरत नाहीत. मी गेलो ते दिवस सप्टेंबरअखेरचे, वादळी भरतीचा हंगाम तोंडावर आलेला. निळा डगला घातलेला एक कर्मचारी गुडघ्यावर बसून चौकटीच्या खाचेतली वाळू ब्रशने काढत होता. मग त्याने दाराच्या कडेची रबरी पट्टी अंगठ्याने दाबत दाबत खालून वरपर्यंत तपासली. एका जागी पट्टी जराशी सुटली होती. तिथे त्याने खडूने फुली मारली आणि पुढच्या दाराकडे वळला. पुराचा इशारा आला की ही दारे लावायचे काम त्या त्या इमारतींच्या गटाचे. त्यासाठी माणसे नेमलेली असतात, त्यांना प्रशिक्षण मिळते, सराव होतो. अग्निशमन दल येऊन दारे लावील या भरवशावर इथे कोणी राहत नाही.

हे सगळे एवढ्यासाठी, की हाफेनसिटी हा नवा शहरभाग हॅम्बुर्गच्या पूरसंरक्षक बांधाच्या बाहेर आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये वादळाने समुद्राचे पाणी नदीत रेटले, बांध फुटले आणि शहरात ३१५ माणसे दगावली. त्यानंतर बांध उंच झाले, पण बंदराचा हा पट्टा बाहेरच राहिला. तिथे गोदामे, याऱ्या आणि रेल्वेचे रूळ होते. पाणी आले तर माल भिजे, माणसे तिथे झोपायला नसत. १९७६ च्या पुरात पाणी समुद्रसपाटीपासून ६.४५ मीटरवर पोचले. धक्के सुमारे साडेचार ते साडेपाच मीटर उंचीचे. म्हणजे पुरुषभर पाणी कुठे ना कुठे येणारच, हे गृहीत धरूनच इथे काहीही बांधायला हवे होते.

बंदर इथून हलले ते कंटेनरमुळे. एकोणिसाव्या शतकातली धक्क्यांमधली ही पाण्याची खोरी अरुंद आणि उथळ. गोण्या आणि पेट्या खांद्यावरून उतरवायच्या काळाची. कंटेनरच्या जहाजाला लांबलचक धक्का लागतो आणि त्यामागे मैदानासारखी मोकळी जागा. ती नदीच्या दक्षिणेला मिळाली. उत्तरेला, महापौरांच्या कचेरीपासून चालत पंधरा मिनिटांवर, अर्धवट रिकामे धक्के उरले. शहराने आपल्या मालकीच्या कंपनीमार्फत तिथली भाडेपट्ट्यावरची गोदामे गाजावाजा न करता ताब्यात घेतली आणि मे १९९७ मध्ये महापौर हेनिंग फोशराउ यांनी योजना जाहीर केली. जमिनीचा भाव आधीच वधारू नये म्हणून ही गुप्तता. जमीन विकून येणारा पैसा दक्षिणेला आल्टेनवेर्डर इथल्या नव्या कंटेनर टर्मिनलसाठी वापरायचा, असेही ठरले होते. जुन्या बंदराने नव्या बंदराचा खर्च उचलावा, असा हा सरळ व्यवहार.

आराखड्याच्या स्पर्धेत १९९९ मध्ये केस क्रिस्टियान्से यांचा चमू निवडला गेला. आराखडा २००० मध्ये मंजूर झाला. सुमारे १२७ हेक्टर जमीन, म्हणजे हॅम्बुर्गच्या मध्यवर्ती भागात चाळीस टक्क्यांची भर. कामाचा पहिला प्रश्न मात्र नकाशावर सुटणारा नव्हता. तो उभ्या छेदात होता: पाण्याचे काय करायचे?

सोपे उत्तर म्हणजे सगळ्या भागाला बांध घालायचा. ते नाकारले गेले. कारणे दोन. एक म्हणजे उंच बांधाआड पाणी दिसलेच नसते, मग पाण्याकाठी राहण्यात अर्थ काय? दुसरे कारण पैशाचे. सगळा बांध पूर्ण होईपर्यंत एकही घर सुरक्षित ठरले नसते, म्हणजे विक्रीच्या आधी वर्षानुवर्षे शहराने खर्च करत बसायचे. त्याऐवजी जुनी किनारी रीत उचलली. उत्तर समुद्राच्या काठी सखल बेटांवरचे शेतकरी मातीचा उंचवटा करून त्यावर घर आणि गोठा बांधत. भरती आली की भोवती पाणी, मधे घर कोरडे. हाफेनसिटीत प्रत्येक इमारतीला असे जोते दिले, समुद्रसपाटीपासून आठ ते नऊ मीटर उंचीचे. रस्तेही त्याच पातळीला उचलले. खालचे जुने धक्के मात्र होते तसेच ठेवले, आणि वर्षातून कधीमधी ते बुडाले तर बुडू द्यायचे ठरले.

या एका निर्णयात रचनेचा आणि हिशेबाचा जो मेळ बसला, तो बघण्यासारखा आहे. जोत्याचा खर्च ज्याच्या त्याच्या प्लॉटवर गेला. एक इमारत पुरी झाली की ती लगेच राहण्याजोगी. शेजारचा प्लॉट दहा वर्षे रिकामा राहिला तरी अडत नाही. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे, तुकड्यातुकड्यांनी बांधत जाता आले. जोत्याच्या पोटात मोटारी ठेवायची सोय झाली, म्हणून रस्त्यावर पार्किंगची गर्दी कमी. मधल्या श्पायशरश्टाट या जुन्या गोदामांच्या वस्तीला उचलणे शक्यच नव्हते. तिच्यावरून जुन्या शहरात जाणारे कीबेलश्टेग हे पूल आधी बांधले. एरवी त्यांवरून माणसे आणि सायकली जातात, पुराच्या दिवशी रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचे बंब. डिसेंबर २०१३ मध्ये झावर नावाच्या वादळात पाणी ६.०९ मीटरपर्यंत चढले. खालचे धक्के पाण्याखाली गेले, वरचे शहर चालू राहिले.

पायी फिरणाऱ्याला याचा अर्थ असा, की इथे काठ दोन आहेत. वरचा रस्त्याचा, खालचा पाण्याचा. मॅगेलन टेरेसेसवर दोन्ही पायऱ्यांनी जोडले आहेत. रुंद, बसायच्या पायऱ्या खोऱ्यापर्यंत उतरतात. पुढे तरंगता धक्का आहे, त्यावर जुनी शिडाची जहाजे. हा धक्का भरतीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे त्याकडे जाणारा लोखंडी पूल भरतीला जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला त्याचा चांगला उतार होतो. लहान मुले त्यावर धावत खाली जातात आणि परत चढताना कठडा धरतात. नकाशात न दिसणारी भरती इथे पोटरीला कळते. सगळीकडे असे जमलेले नाही. काही ठिकाणी खालचा धक्का म्हणजे एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला गाड्यांच्या तळघराची आंधळी भिंत. वारा घोंगावतो, बसावेसे वाटत नाही. जोत्याने पाणी रोखले, पण जोत्याच्या भिंतीला काय तोंड द्यायचे याचा विचार प्रत्येक वास्तुकाराने सारख्याच आस्थेने केलेला दिसत नाही.

दुसरी महत्त्वाची रचना कागदावरची, जमीन विक्रीची. शहराची कंपनी प्लॉट सर्वाधिक बोलीला विकत नाही. जागेचा वापर काय, तळमजल्यावर लोकांसाठी काय, ऊर्जा किती लागणार, याला जास्त गुण, किमतीला कमी. निवड झालेल्याला जमीन लगेच मिळत नाही. वर्ष-दीड वर्षाची राखीव मुदत मिळते. त्या काळात त्याने वास्तुकारांची स्पर्धा घ्यायची, माती तपासायची, बांधकाम परवाना मिळवायचा. पैसे देऊन खरेदी त्यानंतर. मधेच कोणी ढिलाई केली तर शहर प्लॉट परत घेऊ शकते. जमीन घेऊन दहा वर्षे भाव वाढायची वाट बघत बसणाऱ्याला या पद्धतीत जागाच उरत नाही. तळमजल्याची उंची वर्दळीच्या भागात पाच मीटर ठेवायची, हीसुद्धा अट. आज तिथे कचेरी असली तरी उद्या दुकान, परवा पाळणाघर येऊ शकते.

पर्यटकांचा कॅमेरा मात्र वळतो तो एल्बफिलहार्मोनीकडे. खाली १९६६ मध्ये पूर्ण झालेले विटांचे कोको-गोदाम, वर हेरझॉग आणि द म्यूरॉन यांचा काचेचा संगीतमहाल, उंची ११० मीटर. गोदामाच्या फक्त बाहेरच्या भिंती राखल्या, आत सगळे नवे. आधी शहराचा वाटा ७.७ कोटी युरो सांगितला होता. जानेवारी २०१७ मध्ये उद्घाटन झाले तोवर तो ७८.९ कोटींवर गेला. इमारत देखणी आहे, ३७ मीटरवरचा तिचा सज्जा सर्वांना खुला आहे. पण ती नसती तरी हाफेनसिटी उभी राहिली असती. जोती नसती तर नसती.

नियम सगळ्यालाच पुरे पडतात असे नाही. पहिल्या वर्षांतली घरे श्रीमंतांपुरतीच राहिली. अनुदानित घरांचा मोठा हिस्सा आराखड्यात आला तो पुढे, टीका झाल्यावर. नियोजित बाजारपेठेचा मोठा दक्षिण भाग २००८ च्या मंदीनंतर अडकला आणि मॉलच्या रूपात २०२५ मध्ये उघडला. पूर्व टोकाचा २४५ मीटरचा नियोजित मनोरा विकासकाने कंत्राटदाराचे पैसे थकवल्याने २०२३ मध्ये शंभरेक मीटरवर थांबला. लहान प्लॉट, बांधलेली मुदत, ठरलेला तळमजला या चौकटीत जे बसले ते बहुधा पार पडले. एकाच हाती मोठा तुकडा दिला तिथे शहर त्या हाताच्या नशिबाशी बांधले गेले.

हे मुंबईकराने वाचायचे ते का, हे वेगळे सांगायला नको. ससून डॉकपासून वडाळ्याकडे जाणारा पूर्व किनाराही कंटेनरमुळेच मागे पडला. न्हावा-शेवा १९८९ मध्ये सुरू झाले आणि माल खाडीपलीकडे गेला. त्या जमिनीचाही मालक मुख्यतः एकच, बंदर प्राधिकरण. पाणीही तसेच, वर पावसाळ्याची भर. फरक असा, की हॅम्बुर्गने सांडटोर, ग्रासब्रूक, बाकेन ही खोरी जपली, कारण खोऱ्याचा काठ हीच विकण्याजोगी गोष्ट आहे हे ओळखले. आपण प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या कंटेनर ठेवायला भराव घालून बुजवल्या. २०१४ मध्ये राणी जाधव समितीने या किनाऱ्याचा विचार मांडला, त्यानंतर आराखडे निघतच राहिले. त्यांतली चित्रे बघताना मी आता उद्यान आणि मरीना सोडून आधी छेद शोधतो: रस्ता किती उंचीवर, भरतीला पाणी कुठे थांबणार, आणि दार लावायचे कोणी?

आणि एक प्रश्न हॅम्बुर्गला नव्हता. १९९७ मध्ये तिथल्या जमिनीवर वस्ती नव्हती, कारण मुक्त बंदराच्या हद्दीत कोणाला राहायची परवानगी नव्हती. श्पायशरश्टाटची लाल गोदामे १८८८ मध्ये उघडली, तेव्हा त्या जागेवरच्या सुमारे वीस हजार लोकांची घरे पाडून त्यांना हुसकावले होते. म्हणजे नव्या आराखड्याला मिळालेली कोरी पाटी शंभर वर्षे आधी पुसून ठेवलेली होती. मुंबईच्या किनाऱ्यावर आज ससून डॉकला मासळी उतरते, दारूखान्यात जहाजे तोडली जातात, कौला बंदरात माणसे राहतात. इथे जोते किती उंच हवे हे इंजिनियर सांगतील. त्यावर कोण राहणार हे ठरवूनच मग पहिला दगड बसवायला हवा. हॅम्बुर्गने ते उलट क्रमाने केले आणि अनुदानित घरांसाठी नंतर आराखडा बदलायची पाळी आली.