पोपेस्कू कुठून निघाले, कुठे पोचले
आडनावांचा नकाशा : लेखांक १२

चाउशेस्कू हे नाव १९८९च्या डिसेंबरमध्ये मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होतं. युजीन आयोनेस्को हे नाव आपल्याकडच्या नाटकवाल्यांना त्याही आधीपासून ओळखीचं आहे. एक रोमानियाचा हुकूमशहा, दुसरा फ्रेंच रंगभूमीचा नाटककार. पण दोघांच्या आडनावाची शेपटी एकच आहे. बुखारेस्टमध्ये ती ‘-एस्कू’ अशी उच्चारतात, पॅरिसमध्ये ती ‘-एस्को’ झाली. मागच्या आठवड्यात आपण सर्बियातल्या ‘-इच’ आडनावांपाशी थांबलो होतो. तिथून डॅन्यूब ओलांडली की ‘-एस्कू’चा मुलूख सुरू होतो. त्या मुलखातलं सर्वांत परिचित आडनाव म्हणजे पोपेस्कू. आज ते रोमपासून लंडनपर्यंत आणि माद्रिदपासून टोरांटोपर्यंत घरांच्या दारांवर दिसतं. ते तिथवर कसं गेलं, आणि त्याची सख्खी भावंडं वेगळ्या वाटांनी कुठे गेली, हे आज पाहू.

सुरुवात गावातल्या चर्चपासून करावी लागते. ‘पोपा’ म्हणजे गावचा ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. रोमन कॅथलिक पंथात धर्मगुरू अविवाहित असतो. ऑर्थोडॉक्स पंथात मात्र दीक्षेआधी लग्न झालेलं असेल, तर धर्मगुरू संसार करू शकतो. गावोगावचे बहुतेक पोपा असे संसारी असत. त्यांना बायकामुलं असत, थोडी शेती असे. गावात इयोन नावाची दहा मुलं असली, तर त्यातला ‘पोपाचा इयोन’ चटकन ओळखता येई. बापाचा हुद्दा मुलाला चिकटे आणि पुढे नातवालाही. म्हणूनच सगळ्या ऑर्थोडॉक्स युरोपात या आडनावाचे सोयरे सापडतात. ग्रीसमध्ये पापादोपुलोस, सर्बियात पोपोविच, रशिया-बल्गेरियात पोपोव. ट्रान्सिल्व्हेनियातल्या अनेक रोमानियन लोकांनी १७०० सालाच्या सुमारास पोपचं नेतृत्व मान्य केलं आणि ते ग्रीक-कॅथलिक झाले, पण त्यांच्या धर्मगुरूंची लग्नाची परंपरा टिकली. त्यामुळे तिथेही ही आडनावं थांबली नाहीत.

‘-एस्कू’ हा प्रत्यय आपलेपणा सांगतो. पोपेस्कू म्हणजे पोपाच्या घरचा. याचं अनेकवचन ‘-एश्ती’ असं होतं. पोपेश्ती म्हणजे पोपाच्या घरची सगळी माणसं, आणि ती राहतात ते गावही. आजच्या दक्षिण रोमानियात, म्हणजे जुन्या वालाकिया संस्थानात, ‘मोश्नेनी’ म्हणवणारे स्वतंत्र शेतकरी होते. एका मूळपुरुषाचे वंशज म्हणून ते जमीन सामाईक धरत. घराणं तेच गाव, आणि गाव तेच घराणं. त्यामुळे रोमानियाच्या नकाशावर पोपेश्ती नावाची कितीतरी गावं आहेत. त्यातलं एक, पोपेश्ती-लेओर्देनी, राजधानीला अगदी खेटून आहे. राजधानीचं रोमानियन नाव बुकुरेश्ती आणि तेलविहिरींसाठी प्रसिद्ध असलेलं प्लोयेश्ती शहर, दोन्ही नावं याच साच्यातली.

मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेड्यातल्या माणसाला आजच्या अर्थाने कायमचं आडनाव नव्हतं. रादूचा मुलगा स्तान हा ‘रादूचा स्तान’, आणि स्तानचा मुलगा मग ‘स्तानचा’ अमुक. पिढी बदलली की ओळखही बदलायची. १८६० नंतर चित्र पालटू लागलं. वालाकिया आणि मोल्दोवा ही संस्थानं एक झाली, सिरिलिक लिपी जाऊन रोमन लिपी आली आणि १८६५पासून जन्म-लग्न-मृत्यूची नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली. पुढे १८९५च्या नावविषयक कायद्याने आडनाव पक्कं केलं.

या चार दशकांत ‘-एस्कू’ची चलती झाली. गोलेस्कू, वकरेस्कू, फिलिपेस्कू ही बोयार सरदारांची घराणी होती. त्यांच्या नावांचा डौल शाळामास्तरांच्या आणि कारकुनांच्या मनात होता. पटावर नाव घालताना पोपाचा पोपेस्कू झाला, इयोनचा इयोनेस्कू झाला. रोमानियाचा राष्ट्रकवी या लाटेचं सर्वांत मोठं उदाहरण आहे. त्याचं घरचं आडनाव एमिनोविच. १८६६ साली, सोळा वर्षांचा असताना, त्याने पेस्ट शहरातून निघणाऱ्या ‘फामिलिया’ मासिकाकडे कविता पाठवली. संपादक योसिफ वुल्कान यांनी ती छापताना नावाची स्लाव्ह धाटणी बदलून ते एमिनेस्कू केलं. कवीने ते स्वीकारलं आणि मिहाई एमिनेस्कू हेच नाव अजरामर झालं.

यातून एक गोष्ट उघड होते. सगळे पोपेस्कू एका कुळातले असण्याचं काहीच कारण नाही. जितक्या गावांत पोपा होते, तितक्या ठिकाणी हे आडनाव स्वतंत्रपणे जन्मलं. काही ठिकाणी तर पोपा हे टोपणनावही असेल; चर्चमध्ये राबणाऱ्याला किंवा फार धार्मिक वागणाऱ्याला ते सहज पडे. आज रोमानियात सर्वाधिक आढळणारं आडनाव पोपा आहे आणि त्याखालोखाल पोपेस्कू. सरकारी अर्ज कसा भरावा याचा नमुना द्यायचा असेल, तर तिथे ‘पोपेस्कू इयोन’ लिहितात. देशाचा सामान्य नागरिक म्हणजे पोपेस्कू, इतकं ते सर्वांच्या अंगवळणी पडलं आहे.

आता नकाशा उघडू, कारण परदेशातलं सगळं कोडं इथेच सुटतं. पोपाच्या वंशजांना रोमानियात सगळीकडे एकच आडनाव मिळालं नाही. दक्षिणेत, मुंतेनिया आणि ओल्तेनिया भागांत, पोपेस्कू रुजलं. वायव्येला ट्रान्सिल्व्हेनियात क्लुज, मारामुरेश, बिहोर या पट्ट्यात ते नुसतं ‘पोप’ राहिलं. मोल्दोवा प्रांतात पोपा, तर बुकोविना आणि बनातकडे पोपोविच जास्त. कारण राज्यकर्ते वेगळे होते. ट्रान्सिल्व्हेनिया, बनात आणि बुकोविना हाब्सबर्ग सत्तेखाली होते. करवसुली आणि सैन्यभरतीसाठी तिथे आडनावं बरीच आधी पक्की झाली, त्यामुळे बुखारेस्टच्या शाळांतली ‘-एस्कू’ची लाट तिथवर पोचलीच नाही. हंगेरियन कारकुनाच्या दप्तरात पोपचं ‘पाप’ही होई. हंगेरीत सरकारी जन्मनोंद सुरू झाली तीही १८९५ सालीच. म्हणजे कार्पाथियन पर्वताच्या दोन्ही बाजूंना, एकाच वर्षी, दोन वेगळ्या सरकारांनी एकाच शब्दाच्या दोन वेगळ्या रूपांवर शिक्का मारला.

आणखी एक प्रकार इथे लक्षात ठेवायला हवा, ‘-यानू’ किंवा ‘-अन’ने संपणाऱ्या आडनावांचा. मुंत्यानू म्हणजे डोंगराकडचा, मोल्दोवान म्हणजे मोल्दोवाचा, उंगुर्‍यानू म्हणजे हंगेरीच्या अमलातल्या मुलखातून आलेला. आपल्याकडे पुण्यातच राहणाऱ्याला कोणी पुणेकर आडनाव देत नाही. तो पुणं सोडून दुसरीकडे वसला की ते चिकटतं. तसंच तिथे मोल्दोवान हे आडनाव खुद्द मोल्दोवापेक्षा ट्रान्सिल्व्हेनियात जास्त आहे, आणि उंगुर्‍यानू मोल्दोवाकडे. आडनावांतून स्थलांतर वाचता येतं ते असं. परदेश तर पुढची गोष्ट. रोमानियाच्या आतलीच पायपीट या नावांत नोंदलेली आहे.

परदेशी जाणाऱ्यांची पहिली मोठी लाट १८९५ ते १९१४ या काळात अमेरिकेकडे गेली. ती मुख्यतः ट्रान्सिल्व्हेनिया, बनात आणि बुकोविनातल्या शेतकऱ्यांची होती. ‘हजार डॉलर आणि परतीचं भाडं’ एवढं कमवायचं आणि घरी येऊन जमीन घ्यायची, असा त्यांचा बेत असे. क्लीव्हलँड, यंग्सटाउन, डेट्रॉइट, गॅरी इथल्या पोलाद कारखान्यांत आणि भट्ट्यांवर ते राबले. १९०४ साली क्लीव्हलँडमध्ये त्यांनी सेंट मेरीचं रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्च स्थापलं आणि १९०६ साली तिथूनच ‘अमेरिका’ हे रोमानियन वर्तमानपत्र सुरू झालं. कॅनडातल्या रिजायना शहरात १९०२चं सेंट निकोलस चर्च त्याहून जुनं आहे. या लाटेतली माणसं हाब्सबर्ग मुलखातली, म्हणून त्यांच्यासोबत पोप, पोपा, पोपोविच ही रूपं गेली. अमेरिकेतल्या जुन्या रोमानियन वस्तीत पोपेस्कू कमी आणि ही भावंडं जास्त असण्याचं कारण हेच.

तिथे गेल्यावर नावं बदललीही. येणाऱ्या प्रवाशांची तपासणी होई त्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी मनाला येईल तसं नाव लिहिलं, ही कथा अमेरिकेतल्या अनेक घरांत श्रद्धेने सांगतात. प्रत्यक्षात प्रवाशांच्या याद्या युरोपातल्या बंदरावर तयार होत, आणि बेटावरचा अधिकारी त्या याद्यांवरूनच तपासणी करी. बदल नंतर झाले. कारखान्याच्या हजेरीपटावर, शाळेत आणि नागरिकत्वाच्या अर्जात पोपचा ‘पी’ दुहेरी झाला, पोपोविच इंग्रजी स्पेलिंगात बसला. अनेकदा हे बदल माणसांनी स्वतःहून केले, नव्या देशात कामधंदा सोपा व्हावा म्हणून. त्यांच्या या निर्णयाचं श्रेय आणि जबाबदारी त्यांनाच द्यायला हवी.

दुसरी वाट पॅरिसची. ती संख्येने लहान, पण ठसा मोठा. बुखारेस्टच्या सुशिक्षित वर्गात फ्रेंच ही घरची भाषा असल्यासारखी होती. फ्रेंच माणूस शेवटचा ‘यू’ वेगळाच उच्चारतो, म्हणून भेटकार्डांवर आणि पुस्तकांवर ‘-एस्को’ लिहिण्याची पद्धत पडली. बुखारेस्टमध्ये १८९४ साली जन्मलेली एल्विरा पोपेस्कू १९२३ साली पॅरिसच्या रंगमंचावर आली आणि एल्विर पोपेस्को म्हणून फ्रान्सची लाडकी अभिनेत्री झाली. तिचे रोमानियन हेल लोकांना इतके आवडले, की ते तिने कधी पुसले नाहीत. आज बुखारेस्टच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधलं चित्रपटगृह तिच्या नावाने आहे, आणि तेही ‘पोपेस्को’ याच स्पेलिंगने. स्लातिना गावात १९०९ साली जन्मलेले आयोनेस्को याच वाटेने गेले आणि १९७० साली फ्रेंच अकादमीवर निवडले गेले.

१९४५ नंतर साम्यवादी राजवटीत दारं बंद झाली. बाहेर पडले ते निर्वासित लेखक आणि अभ्यासक. कादंबरीकार पेत्रू पोपेस्कू १९७०च्या दशकात अमेरिकेत गेले आणि इंग्रजीत लिहू लागले. भौतिकशास्त्रज्ञ सांदू पोपेस्कू ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात स्थिरावले. १९९४ साली डॅनियल रोरलिख यांच्यासह त्यांनी मांडलेल्या कल्पनेला क्वांटम भौतिकीत ‘पोपेस्कू-रोरलिख पेटी’ म्हणतात. गावच्या पोपावरून पडलेलं आडनाव आता जगभरच्या संशोधकांच्या तोंडी आहे.

खरा पूर आला तो १९८९नंतर. चाउशेस्कूची सत्ता गेली, २००२ साली शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जाण्याची मुभा मिळाली आणि १ जानेवारी २००७ रोजी रोमानिया युरोपीय संघात आला. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्सने कामगारांवरचे निर्बंध २०१४पर्यंत उठवले. रोमानियाची लोकसंख्या १९९२ साली सव्वादोन कोटींहून अधिक होती; २०२१च्या जनगणनेत ती एक कोटी नव्वद लाखांवर आली. इटलीत आज दहा लाखांहून अधिक रोमानियन नागरिक राहतात आणि तिथल्या परदेशी नागरिकांत तोच सर्वांत मोठा गट आहे. स्पेनमध्ये २०१२च्या सुमारास ही संख्या नऊ लाखांच्या जवळ पोचली आणि मंदीनंतर घटली. इंग्लंड आणि वेल्समध्ये रोमानियात जन्मलेले २०११ साली सुमारे ८० हजार होते. २०२१ साली ते ५ लाख ३९ हजार झाले.

या लाटेतला पोपेस्कू इटलीत घरं बांधतो. त्याची बायको एखाद्या वृद्धेची चोवीस तास शुश्रूषा करते. स्पेनच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत, जर्मनीच्या रुग्णालयांत आणि मांस कारखान्यांत तो आहे. फुटबॉलवेड्यांना बार्सिलोनाचा कर्णधार झालेला जिका पोपेस्कू आठवेल. युएफा चषकाच्या २०००च्या अंतिम सामन्यात गलातासरायचा विजय पक्का करणारी पेनल्टी त्यानेच मारली. आणि आता आडनाव बदलत नाही. पारपत्र आणि संगणकीय नोंद यांमुळे स्पेलिंग जसंच्या तसं राहतं. पोपेस्कूत शेपटीवाली किंवा टोपीवाली अक्षरंही नाहीत. श्तेफनेस्कू परदेशी गेला की ‘श’ची शेपटी गळून त्याचा स्तेफानेस्कू होतो, पोपेस्कू तेवढा शाबूत पोचतो.

शोध घेणाऱ्याने दोन ठिकाणी जपावं. जर्मनीतले बहुतेक ‘पोप्प’ रोमानियाचे नसतात. ते फ्रँकोनिया-बव्हेरियातलं जुनं जर्मन आडनाव आहे. हंगेरीतला प्रत्येक ‘पाप’ही रोमानियन मुळाचा धरू नये. आडनावाआधी गाव, पंथ आणि निघाल्याचं वर्ष विचारावं. क्लीव्हलँडमधला पोप १९१०चा आणि क्लुजकडचा असण्याची शक्यता मोठी. पॅरिसमधला ‘-एस्को’ बहुधा १९४५च्या आधीचा. स्पेनच्या कास्तेयोनमधला पोपेस्कू मात्र बहुतेक वेळा २००२नंतर बसने आलेला असतो.

युरोपात आज रोमानियन कामगारांकडे बऱ्याचदा एक बिनचेहऱ्याचा लोंढा म्हणून पाहिलं जातं. हे आडनाव नीट वाचणाऱ्याला तसं पाहता येत नाही. पोप, पोपा, पोपोविच, पोपेस्को, पोपेस्कू या प्रत्येक रूपामागे एक प्रांत आहे, एक राज्यकर्ता आहे आणि घर सोडण्याचं एक नेमकं कारण आहे. शेजारच्या दारावरच्या पाटीत एवढा इतिहास असेल, तर त्या शेजाऱ्याला त्याच्या नावाने, नीट उच्चार करून हाक मारणं हे आपलं किमान कर्तव्य ठरतं.

पुढच्या आठवड्यात : ग्रीसमधले पापादोपुलोस आणि १९२३ची लोकसंख्येची अदलाबदल.