गुणपत्रिका की मीटर?

मंडळी, सध्या आमच्या घरी बारावीनंतरची कॉलेजं शोधण्याचा मोसम आहे. माहितीपुस्तकांचा ढीग चाळता चाळता कन्येनं विचारलं, "बाबा, या विद्यापीठाला पर्यावरणात वरचा नंबर मिळालाय. म्हणजे काय, झाडं मोजतात का?"

इमारतींची वातानुकूलन यंत्रणा हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे उत्तर थोडं लांबलं. तेच इथे मांडतो.

इंडोनेशिया विद्यापीठानं २०१० साली 'ग्रीनमेट्रिक' नावाची जागतिक क्रमवारी सुरू केली. परिसर, ऊर्जा व हवामान, कचरा, पाणी, वाहतूक आणि शिक्षण-संशोधन अशा सहा विषयांत विद्यापीठांना गुण मिळत. बरीच वर्षं शंभरातले २१ गुण ऊर्जेला आणि १० गुण पाण्याला होते. आपल्या सुलतान काबूस विद्यापीठानंही या परीक्षेला बसायला सुरुवात केली. चांगलंच आहे. परीक्षा असली की अभ्यास होतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

पण मस्कतमध्ये पाणी आणि वीज हे दोन वेगळे विषय नाहीतच. आपल्या नळाचं पाणी बहुतांशी समुद्राचं. रिव्हर्स ऑस्मोसिसनं हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. भर उन्हाळ्यात शंभर चौरस मीटर हिरवळ रोज जवळपास तेवढं पाणी पिते. म्हणजे तिला नळाचं पाणी दिलं तर ती हिरवळ विजेवरच चालते म्हणायची. मस्कतमध्ये रस्त्यांकडेच्या झाडांना सांडपाणी शुद्ध करून घालतात, ते याचसाठी शहाणपणाचं.

तरीसुद्धा खरा खादाड वेगळाच. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. माणशी रोजचं दोनशे लिटर पाणी गोडं करायला लागणारी वीज तो अर्ध्या तासात संपवतो. ओमानची बरीचशी वीज अजून नैसर्गिक वायूवर होते. इब्रीचा ५०० मेगावॅटचा सौरप्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य सरकारनं त्याच वर्षी जाहीर केलं. वाट बरोबर आहे, पण लांबची आहे.

मग विद्यापीठांनी काय करायचं? याचं मला आवडलेलं उत्तर इथेच सापडतं. २०११ मध्ये त्या वेळच्या संशोधन परिषदेनं इथल्या उच्च शिक्षणसंस्थांसाठी पर्यावरणस्नेही घराची स्पर्धा जाहीर केली. नुसते आराखडे नाहीत, घर प्रत्यक्ष बांधून दाखवायचं, आणि वर्षभरात जेवढी वीज वापरेल तेवढी त्यानं स्वतःच निर्माण करायची. सुलतान काबूस विद्यापीठाचं 'ग्रीननेस्ट' आणि हलबानच्या जर्मन युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीचं 'इकोहाउस' ही घरं त्यातूनच उभी राहिली. निझवा आणि धोफार विद्यापीठंही स्पर्धेत होती. यात विद्यार्थ्यांच्या हाताला सिमेंट लागलं, आणि शेवटी जाब कोणाला द्यायचा, तर मीटरला. मीटरला भाषण देता येत नाही.

अशा घरांमुळे एक जुना प्रश्नही पुन्हा पुढे येतो. अल हमरा किंवा मिसफाहला गेलो की आपण मातीच्या जाड भिंतींना हात लावून म्हणतो, "आमच्या गावच्या वाड्यासारखं गार!" खरं आहे. पण मातीची भिंत दिवसा उष्णता साठवते आणि रात्री गार हवेत सोडते. रात्र गार असेल तरच हे गणित जमतं. जून २०१८ मध्ये कुरियातला एका अख्ख्या दिवसरात्रीत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता! किनाऱ्यावर शिवाय दमटपणा. तिथे भिंतीत उष्णतारोधक थर हवा, खिडकीवर सावली हवी आणि थोडा एसीही हवाच. पूर्वजांकडून भिंत नाही, विचार उचलायचा.

तो विचार फलजमध्ये दिसतो. डोंगराच्या पोटातलं पाणी उतारानं आणायचं आणि वाटणी वेळेवर करायची, दिवसा सूर्याच्या सावलीनं, रात्री ताऱ्यांनी. ओमानचे पाच फलज २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. आपल्याला हे परकं वाटू नये. मलिक अंबरनं सतराव्या शतकात औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी आणली, ती याच तत्त्वावर. दोन्हीकडे मापाशिवाय वाटणी नव्हती.

आणि माप हाच माझा मुद्दा. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या इमारतीची तपासणी करायला गेलो होतो. प्रवेशद्वाराशी पर्यावरणदिनाचा सुंदर फलक. आत सुट्टीत बंद असलेल्या वर्गांत एसी अठरावर, माणूस एकही नाही. फलक खोटा नव्हता. लावणाऱ्यानं मनापासूनच लावला असणार. फक्त मीटर कोणी वाचत नव्हतं.

म्हणून कन्येला सांगितलं, क्रमांक बघ, पण तीन प्रश्न विचार. चौरस मीटरमागे वर्षाला वीज किती? झाडांना पाणी कुठलं? सुट्टीत एसी कोण बंद करतं? तिनं खरंच एका कॉलेजला पत्र पाठवलं. तिथल्या बाईंनी कळवलं, "असं आजवर कोणी विचारलं नव्हतं, आकडे शोधून सांगते." उत्तर यायचंय. पण आकडे शोधायला लागले, हेही काही कमी नाही.

यावर चिरंजीव म्हणाले, "आणि आपल्या मंडळाचं काय?" निरुत्तर झालो. गणपतीत आपण सभागृहात शाल पांघरून आरत्या म्हणतो! तेव्हा यंदा एवढंच करूया का? एसी चोवीसवर, महाप्रसादाला धुता येतील अशी ताटं, आणि उत्सवाआधी व नंतर मीटरची नोंद. पुढच्या अंकात दोन्ही आकडे छापू. ताटं धुवायला मी येतो. कार्यकारिणीनं मनावर घ्यावं, ही विनंती.