मांत्रिकाचं सोंग घेताना

मैत्रिणींनो, आपल्या झाडीपट्टीतल्या माणसांना सोंगाचं भारी वेड. दिवाळीनंतर मंडई भरली, नाटकं सुरू झाली की बायाबापड्या रात्र-रात्र बसून राहतात. मी मात्र आज लिहितेय ते वेगळ्याच सोंगाबद्दल. याला ना पडदा लागतो, ना पेटी-तबला. शाळेत, बचत गटाच्या मेळाव्यात, ग्रामपंचायतीच्या पटांगणात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते चमत्काराचे प्रयोग करतात ते तुम्ही पाहिले असतील. आधी मांत्रिक होऊन चमत्कार करायचा आणि मग त्यातली चलाखी सगळ्यांसमोर उघडी करायची. श्याम मानवांच्या समितीने नागपुरातून १९८२ पासून आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या समितीने १९८९ पासून हे काम राज्यभर नेलं.

पण मांत्रिक बहुतेक वेळा पुरुषच! बाया समोर बसून टाळ्या वाजवणार. आता मात्र अंगणवाडीच्या ताया, गटातल्या मुली विचारू लागल्या आहेत, "ताई, आम्हाले जमेल का जी?"

जमेल. आणि जमायलाच हवं. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जिवंत जाळलं. अटक झालेल्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होता. घरातलीच माणसं जिथे असं वागतात, तिथे भाषणाने काय होणार? डोळ्यांनी पाहिलेलं डोळ्यांनीच खोडावं लागतं.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. एक अरुंद तोंडाचा गडवा घ्या, काठोकाठ कोरडे तांदूळ भरा आणि अंगठ्याने दाबा. मग मंत्र पुटपुटत सुरी थोडी-थोडी खुपसत राहा. दहा-पंधरा वेळा झालं की एकदा खोल खुपसा आणि हळूच वर उचला. सुरीबरोबर अख्खा गडवा वर येतो! तांदूळ ठासून बसतात आणि सुरीला घट्ट धरतात, एवढंच. मंत्राचा उपयोग काय, तर तेवढा वेळ मिळतो. मी मंत्र म्हणून किराण्याची यादी म्हणते. हिंगम् जिरम् मोहरीम्... शेवटी हे सांगितलं की बाया पदर तोंडाला लावून हसतात. हसणारी बाई घाबरत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग हळदीचा. समोरच्या बाईच्या तळव्याला ओली हळद लावायची आणि त्यावर 'तीर्थ' शिंपडायचं. हात लालभडक! "करणी निघाली," असं मोठ्याने म्हटलं की सभा गप्प. तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. ती डोळ्यात जाऊ देऊ नका आणि नंतर हात धुवायला लावा. उलगडा करताना चुना मागायचा तो समोर बसलेल्या एखाद्या खर्रेवाल्या भाऊंकडूनच. मग विचारायचं, "बायांनो, पातळावरचा हळदीचा डाग साबण लावला की कसा होतो?" उत्तर सभेतूनच येतं, "लाल होते जी!" आणि आता त्याच तळव्यावर लिंबू पिळायचं. हळद परत पिवळी. करणी चढवणाराही चुना आणि उतरवणारं लिंबू. सुरीला जास्वंदीचं फूल चोळून वाळवलं, की लिंबातून 'रक्त' येतं तेही असंच.

पुढे हात बसला की होम पेटवायला शिका. पोटॅशियम परमँगनेटच्या बारीक भुकटीवर 'तूप' म्हणून ग्लिसरीन सोडलं की काडी न लावता जाळ होतो. लगेच मात्र होत नाही. थंडीत तर बराच वेळ लागतो, त्यामुळे किराण्याची यादी लांब ठेवा! सुती पातळ, पदर खोचलेला, केस बांधलेले, वाळूची बादली जवळ आणि मुलं चार हात लांब. हा प्रयोग जाणत्या कार्यकर्त्याच्या देखरेखीशिवाय करायचाच नाही. जिभेवर कापूर आणि पेटणारा नारळ नवख्यांनी पहिल्या वर्षी सोडून द्यावा. नारळाच्या शेंडीत सोडियम असतं, ते खेळायची वस्तू नव्हे. बिब्ब्याचं तर फक्त तोंडाने सांगायचं. अंगावर उठणाऱ्या भानामतीच्या फुल्या बिब्ब्याच्या तेलाने उमटतात, हे आपल्या जंगलपट्टीत कळायलाच हवं. पण दाखवायला म्हणून कोणाच्या कातडीला लावाल तर फोड येतील.

सोंग घ्यायचं तर पूर्ण घ्या. मोठं कुंकू, मोकळे केस, गळ्यात माळा. लाजत-लाजत, हसत-हसत केलेला मांत्रिक कोणाला खरा वाटत नाही आणि खरा वाटलाच नाही तर फुटणार काय? पण नवख्या मुली इथेच फसतात. टाळ्या पडल्या की वेळ संपते, गाडी येते आणि उलगडा 'पुढच्या वेळी' राहतो. मैत्रिणींनो, उलगडा त्याच सभेत. वेळ कमी असेल तर एकच प्रयोग करा, पण तो गावातल्याच एखाद्या बाईच्या हातून पुन्हा करवून घ्या. कारण पुरुष चमत्कार करून गेला तर गाव त्याला बुवा म्हणेल, नारळ देईल. बाई करून गेली तर चेटकीण म्हणेल. म्हणून शेवटी सगळ्यांसमोर कुंकू पुसायचं, केस बांधायचे, माळ काढून पिशवीत टाकायची आणि आपलं नाव, गाव, माहेर सांगायचं.

काही गोष्टींना हात लावू नका. जिच्या अंगात येतं तिची नक्कल करू नका. सासरी जिचं कोणी ऐकत नाही, तिचं त्या घटकाभर तरी ऐकलं जातं. तिच्यावर हसून आपण काय मिळवणार? माडिया गावात पुजाऱ्याला सोंगात आणू नका. पेरणीपासून सणापर्यंत गावाचं त्याच्यावाचून अडतं. त्याला आधी भेटा, पहिल्या रांगेत बसवा आणि माडिया बोलणारी एक मुलगी सोबत ठेवा. पोलीस पाटलाला आधी कळवा, कार्यक्रम दिवसाउजेडी करा.

"तुम्ही देवाच्या विरोधात," असं कोणी उठून म्हणतंच. वाद घालू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत पिशवीत ठेवा. पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांना त्या कायद्याने बंदी नाही. पण कोणी जादूटोणा करते असं भासवून तिचं जगणं अवघड करणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, हे गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड.

खरं काम सुरू होतं ते सभा उठल्यावर. कोणीतरी मागे रेंगाळते. कधी म्हणते, "माह्यावरचं उतरवून द्या ना." तिला पुन्हा हळद-चुना हातात द्या, स्वतः करायला लावा. दुखणं असेल तर आशाताईबरोबर दवाखान्यात पाठवा. पण कधी एखादी वेगळंच सांगते. शेजारचं लेकरू दगावलं तेव्हापासून लोक आपल्या दारावरून जात नाहीत, आपल्या हातचं पाणी घेत नाहीत, म्हणते. तिथे सोंग, प्रयोग सगळं बाजूला. ही धोक्याची घंटा आहे. त्याच दिवशी पोलीस पाटलाला आणि ठाण्यात सांगायचं. या कायद्यात पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी ठेवलेला असतो. तिला एकटीला पाठवू नका, चारजणी बरोबर जा. आणि गटाची पुढची मीटिंग तिच्याच ओसरीवर लावा. चहा तिनेच करायचा, सगळ्यांदेखत. पहिला कप आपण घ्यायचा.