मालवाहू पिकअप वाहनांतील फेरबदल : तंत्र, कायदा आणि वसई-विरारचा वाहनधारक

प्रस्तावना

वसई-विरार परिसरात लहान मालवाहू वाहन कोणत्याही कंपनीचे असले तरी त्यास सर्रास ‘टेम्पो’ म्हटले जाते. हा शब्द मूळचा जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका वाहन-उद्योगाचा. त्या उद्योगाच्या सहकार्याने 1958 मध्ये महाराष्ट्रात ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी स्थापन झाली आणि व्यापारी नाव सामान्यनाम होऊन बसले. पुढे 1986 मध्ये टाटा 407 व 2005 मध्ये टाटा एस, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेला ‘छोटा हत्ती’, ही वाहने आली आणि एका कुटुंबाच्या मालकीचा टेम्पो हे उपजीविकेचे रूढ साधन झाले.

वसईतील माल एकजिनसी नाही. पश्चिम पट्ट्यातील भाजीपाला व फुले, पाचूबंदर व अर्नाळ्याची मासळी, वालीव, सातिवली व गोखिवरे येथील कारखान्यांतील हलका परंतु जागा व्यापणारा माल, या प्रत्येकाची हौद्याकडून अपेक्षा निराळी असते. मासळीवाल्यास बर्फाचे खारट पाणी पत्रा खाऊ नये अशी तळाची बांधणी हवी असते, तर प्लास्टिकच्या वस्तू नेणाऱ्यास उंच जाळी. फेरबदलांचा उगम या गरजेत आहे. त्यांना केवळ हौस म्हणून हिणवणे योग्य नव्हे. मात्र गरज खरी असली तरी तिचे उत्तर वाहनाच्या मूळ रचनेस मानवेलच असे नाही.

हौदा, पाटे आणि ब्रेक

हौद्याच्या बाजू उंच केल्या की मालाचा व पर्यायाने वाहनाचा गुरुत्वमध्य वर सरकतो. वळणावर वाहन उलटण्याची मर्यादा ढोबळमानाने चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून मिळते. उदाहरणादाखल चाकांमधील अंतर 1.4 मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 1 मीटर धरल्यास हे गुणोत्तर 0.70 येते, उंची 1.25 मीटर झाल्यास ते 0.56 वर उतरते. 40 मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिल्या स्थितीत उलटण्याचा वेग ताशी सुमारे 60 किलोमीटर, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे 53 किलोमीटर निघतो. स्प्रिंगांचे झुकणे व मालाचे सरकणे यांमुळे प्रत्यक्षातील मर्यादा याहूनही खाली असते. वसईहून ठाण्याकडे जाणाऱ्या चालकास वसईची खाडी ओलांडल्यावर घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा घाट लागतो. वर्षानुवर्षे त्याच वळणावर तोच वेग अंगवळणी पडलेला असतो. हौदा उंच झाल्याचे हाताला व पायाला कळत नाही.

पाटे वाढविण्याचा प्रकार याहून फसवा आहे. मागील स्प्रिंगमध्ये एक-दोन पाटे अधिक घातले की भरलेले वाहन बसत नाही आणि त्यामुळे ते अधिक भार पेलू लागले असा समज होतो. आस, टायर व ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात. एकूण वजन 3 टनांवरून 4 टनांवर गेले, तर त्याच वेगावरून थांबताना ब्रेकना एक तृतीयांश अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. त्यातच अनेक पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब भारानुसार नियंत्रित करणारी झडप असते. मागचा भाग किती खाली बसला आहे यावरून ती भार ओळखते. पाटे वाढविल्याने वाहन खाली बसत नाही, झडपेस ते रिकामे भासते आणि भार सर्वाधिक असतानाच मागील चाकांस कमी ब्रेक मिळतो. ही बाब गॅरेजमध्ये क्वचितच समजावून सांगितली जाते.

सायलेन्सर

सायलेन्सरची ‘पुंगळी’ करण्याची हौस मोटारसायकलीवरून पिकअपकडे आली. सायलेन्सरमधील कप्प्यांत धूर प्रसरण पावतो व ध्वनिलहरींचा जोर मोडतो. ते कप्पे काढले की आवाज वाढतो आणि चालकास ताकद वाढल्याचा भास होतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकाच्या डिझेल वाहनांत धूरमार्ग ही निव्वळ नळी राहिलेली नाही. त्यात उत्प्रेरक, काजळी अडविणारा गाळक व संवेदक असतात. ते काढून टाकल्यास इंजिनाचे नियंत्रक यंत्र बिघाड नोंदवते आणि पुष्कळदा इंजिनाची शक्तीच मर्यादित करते. ज्यासाठी खर्च केला, नेमके तेच हातचे जाते! ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. पहाटे बाजार गाठण्यासाठी रात्रीच निघणारे वाहन दाट वस्तीतून जाते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ विहित केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निर्णयात या तरतुदीचा कठोर अर्थ कायम केला. मान्यताप्राप्त संचाद्वारे सीएनजीसारख्या इंधनावर रूपांतर करण्याची मुभा कलमातच आहे. 2019 च्या सुधारणेने आलेल्या कलम 182-अ नुसार अनधिकृत फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम 190 खाली येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 120 प्रत्येक वाहनास सायलेन्सर बंधनकारक करतो. दंडापेक्षा जड प्रश्न विम्याचा आहे. न कळविलेल्या बदलामुळे वाहनाच्या नुकसानीचा दावा वादात सापडू शकतो आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

मालाला साजेसा हौदा कायदेशीररीत्या मिळविण्याची वाट खरेदीच्या वेळीच खुली असते. हौदा स्वतंत्रपणे बांधावयाच्या वाहनासाठी नमुना 22-अ आहे. त्याचा एक भाग उत्पादक व दुसरा हौदा बांधणारा भरून देतो आणि त्यानंतर एमएच-48 या मालिकेत नोंदणी होते. नोंदणी होऊन गेल्यावर वेल्डिंगच्या दुकानात उभ्या केलेल्या जाळीस असा कोणताही कागद नसतो आणि योग्यता तपासणीच्या, म्हणजे ‘पासिंग’च्या, आदल्या दिवशी ती कापून ठेवावी लागते.