पल्ल्याचा हिशेब

जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा, तिच्या 30.2 युनिटांच्या बॅटरीवर गाडी 312 किलोमीटर धावेल, असे पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनचाचणी संस्थेचे प्रमाणपत्र होते; त्या आकड्यावर भिस्त ठेवून गाडी घेणाऱ्या दादर-परळच्या गृहस्थाला प्रत्यक्षात दोनशेच्या आसपासच रेंज मिळू लागली, तर त्याला तो आकडा खोटा वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो खोटा नव्हे. प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून, 90 किलोमीटरच्या वर कधीही न जाणाऱ्या ठरीव वेगक्रमाने आणि एसी बंद ठेवून घेतलेल्या चाचणीचा तो निकाल आहे; आणि यांपैकी एकही अट लालबागच्या रस्त्यावर वैशाखात पाळली जात नाही.

थांबत-चालत जाणारी रहदारी ही बॅटरीची वैरीण, असा समज सर्वत्र आहे, तो मात्र अर्धाच खरा. ब्रेक लावताना विजेचा काही अंश बॅटरीत परत जमा होतो व सिग्नलला उभी असलेली मोटर काहीच खात नाही; खातो तो एसी, आणि तो अंतर न पाहता वेळ पाहून खातो. गिरगावाहून दादर आठ-नऊ किलोमीटर. तेवढे चालण्यास सुमारे एक युनिट पुरते. परंतु गणेशोत्सवातील एखाद्या संध्याकाळी त्याच वाटेला दीड तास लागला आणि एसीने तासाला एक युनिट घेतले, तर गाडी चालवण्याहून ती थंड राखण्याचाच खर्च अधिक भरतो. म्हणून या भागात पल्ला किलोमीटरांइतकाच तासांतही मोजला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

शहराबाहेर हिशेब पालटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 80 ऐवजी 100 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला तो दीडपटीहून अधिक भोवतो. त्यात पुण्याच्या वाटेवर बोरघाटाची सुमारे सहाशे मीटरांची चढण. माणसे व सामान धरून पावणेदोन टनांची गाडी वर नेण्यास सुमारे तीन युनिटे निराळी खर्ची पडतात, आणि पुणे स्वतःच उंचावर वसलेले असल्यामुळे त्यांतला जो भाग परत मिळायचा तो परतीच्या उतारावरच मिळतो. त्या उतारावर मात्र डॅशबोर्डवरील रेंजच्या आकड्यावर विसंबू नये. नुकत्याच झालेल्या खर्चावरून तो पुढचा अंदाज बांधत असल्याने खोपोलीस पोहोचेपर्यंत तो अवास्तव फुगलेला असतो.

त्यापेक्षा दर शंभर किलोमीटरांस किती युनिटे लागली, ही आपल्याच गाडीची, आपल्याच वाटेवरची सरासरी टिपून ठेवावी. समजा, द्रुतगती मार्गावर ती 14 आहे. नव्या बॅटरीच्या तीस युनिटांतून पंधरा टक्के राखीव आणि घाटाची तीन युनिटे वजा जाता साडेबावीस उरतात; त्यांत एकशे साठ किलोमीटर होतात. दादरहून पुणे सुमारे दीडशे आहे. म्हणजे पोहोचता येईल, परंतु परतण्यासाठी चार्जिंगची तजवीज पुण्यातच करावी लागेल, आणि बॅटरी काही वर्षे जुनी असेल तर वाटेत लोणावळ्यासही थांबणे श्रेयस्कर.