उसाचे दोन शत्रू : हुमणी आणि लोकरी मावा

सातारा-सांगली भागात कृष्णाकाठच्या हिरव्यागार उसात कधी कधी मधेच वाळलेला पट्टा दिसतो. तेथील ऊस ओढून पाहा. तो सहज उपटून येतो, कारण त्याला मुळेच उरलेली नसतात. हे काम हुमणीचे. दुसऱ्या एखाद्या शेतात उसाच्या पानांच्या खालच्या बाजूस कापसासारखा पांढरा थर दिसतो. तो लोकरी मावा. पीक एकच, पण या दोन किडींची रीत अगदी निराळी आहे.

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी होय. वळवाचा पाऊस झाला, की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. मीलनानंतर मादी जमिनीत सुमारे ५० ते ६० अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या कित्येक महिने मुळे खातात. वर्षात पिढी एकच होते.

मावा पानांतील रस शोषतो. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड द्रव खालच्या पानांवर पडतो व त्यावर काळी बुरशी वाढते. मग पानाला सूर्यप्रकाश मिळणार कसा? पूर्वी ईशान्य भारतात आढळणारा हा मावा २००२ साली सांगली जिल्ह्यात दिसला आणि झपाट्याने पसरला. याचे कारण असे, की मादी नराशिवायच पिलांना जन्म देते. समजा, संख्या दर आठवड्याला दुप्पट झाली, तर एकाचे १० आठवड्यांत १,०२४ आणि २० आठवड्यांत १० लाखांहून अधिक होतील!

मग उपाय एकच कसा असेल? हुमणी जमिनीत शिरल्यावर हाती लागणे कठीण. म्हणून पहिल्या पावसानंतर झाडे हलवून भुंगेरे गोळा करावेत, प्रकाश-सापळे लावावेत. मात्र हे साऱ्या गावाने एकाच वेळी केले पाहिजे, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत. माव्याला आवरतात ते त्याचे नैसर्गिक शत्रू : डिफा या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक. सरसकट विषारी फवारणी केली, तर हे मित्रही मरतात.

यंदा वळवाचा पाऊस झाला, की दिवेलागणीनंतर विजेरी घेऊन वडीलधाऱ्यांसोबत जवळच्या कडुनिंबापाशी जा. आठवडाभर रोज भुंगेरे मोजा, तारखेसह वहीत लिहा आणि ती वही शेजारच्या शेतकऱ्याला दाखवा. भुंगेरे वेचण्याची वेळ त्याला त्यावरून कळेल.