विश्लेषण : मोबाइलच्या ‘ब्लर’पेक्षा सॉफ्ट फोकस लेन्स वेगळी कशी? मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावर ती का खुलते?

जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये एखादे तरी छायाचित्र असे सापडते, ज्यात नववधूचा चेहरा आतून उजळल्यासारखा दिसतो. नथीच्या मोत्यांभोवती आणि मुंडावळ्यांभोवती प्रकाशाचे मंद वलय असते, पण डोळे मात्र स्पष्ट असतात. आज मोबाइलमध्ये ‘पोर्ट्रेट’ किंवा ‘ब्युटी’ पर्याय निवडला की हेच मिळते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात दोन्हींची कामाची पद्धत परस्परविरुद्ध आहे. मोबाइलचा ‘ब्युटी’ पर्याय चेहऱ्यावरचे बारकावे पुसतो. सॉफ्ट फोकस लेन्स ते बारकावे तसेच ठेवून त्यांच्यावर प्रकाश पसरवते. हा फरक समजला की या लेन्सचे सामर्थ्य आणि मर्यादाही समजतात. तसेच फिल्मवर काम करणारे काही छायाचित्रकार आजही तिच्या शोधात का असतात, हेही कळते.

सॉफ्ट फोकस म्हणजे चुकलेला फोकस का?

नाही. फोकस चुकतो तेव्हा चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू फुगून ठिपक्यासारखा होतो आणि कडा हरवतात. सॉफ्ट फोकसमध्ये प्रत्येक बिंदूच्या दोन प्रतिमा एकाच वेळी उमटतात. एक प्रतिमा धारदार असते, तिला गाभा म्हणता येईल. दुसरी तिच्याभोवती पसरलेली फिकट प्रभा असते. डोळ्यांना गाभा जाणवतो म्हणून छायाचित्र अस्पष्ट वाटत नाही. प्रभा जाणवते म्हणून ते मऊ वाटते. गाभाच नसेल, तर उरते ते केवळ बिघडलेले छायाचित्र. मोबाइलमधील ‘पोर्ट्रेट’ पर्याय तिसरेच काही करतो. व्यक्ती कुठे संपते आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते याचा अंदाज घेऊन तो फक्त पार्श्वभूमी धूसर करतो. त्यात चेहऱ्याभोवती प्रकाश पसरत नाही.

लेन्समध्ये नेमके काय घडते?

गोलाकार पृष्ठभागाच्या काचेत एक मूळचा दोष असतो. काचेच्या मध्यभागातून जाणारे किरण एका ठिकाणी एकत्र येतात, तर कडेने जाणारे किरण जास्त वळून थोडे अलीकडे एकत्र येतात. याला गोलीय विपथन म्हणतात. चांगली लेन्स बनवणे म्हणजे बऱ्याच अंशी हा दोष दूर करणे. सॉफ्ट फोकस लेन्समध्ये मात्र तो जाणूनबुजून आणि मोजून-मापून शिल्लक ठेवलेला असतो. मधल्या किरणांनी गाभा तयार होतो आणि कडेच्या किरणांनी प्रभा.

यातूनच या लेन्सचे नियंत्रण मिळते. लेन्समधील प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, पूर्ण उघडे असेल तर कडेचे किरण भरपूर येतात आणि मृदुता सर्वाधिक असते. छिद्र लहान करत गेले की कडेचे किरण अडतात आणि प्रभा विरत जाते. उदाहरणार्थ, एफ/४ वर स्वप्नवत दिसणारे छायाचित्र एफ/५.६ वर संयत होते आणि एफ/८ च्या आसपास तीच लेन्स जवळपास साध्या लेन्ससारखी वागते. एरवी अ‍ॅपर्चरने प्रकाशाचे प्रमाण आणि फोकसची खोली ठरते. इथे त्याने आधी मृदुता ठरवायची असते आणि बाकीचे हिशेब त्यानंतर जुळवायचे असतात.

मीडियम फॉरमॅटवरच ती का खुलते?

मीडियम फॉरमॅट म्हणजे प्रामुख्याने १२० क्रमांकाच्या रोलवर चालणारे कॅमेरे. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेली ही सुमारे सहा सेंटीमीटर रुंदीची फिल्म आजही मिळते. एका रोलवर ६ बाय ६ सेंटीमीटरची १२ किंवा ६ बाय ७ ची १० छायाचित्रे निघतात. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये एकेकाळी दिसणारा, वरून खाली पाहून फोटो काढण्याचा दोन लेन्सचा यशिका कॅमेरा याच कुळातला.

३५ मिमी निगेटिव्हचा आकार २४ बाय ३६ मिलिमीटर असतो. ६ बाय ७ ची निगेटिव्ह प्रत्यक्षात साधारण ५६ बाय ७० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे साडेचार पट मोठी असते. आठ बाय दहा इंचांचा फोटो छापायचा तर लहान निगेटिव्ह साडेआठ पट मोठी करावी लागते आणि मोठी निगेटिव्ह साडेतीन पटींहून थोडी जास्त. सॉफ्ट फोकससाठी हा आकडा निर्णायक ठरतो. प्रभा म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे जाणारा अतिशय हळुवार उतार. लहान निगेटिव्ह जास्त मोठी केली की फिल्मचे रवे त्या उतारावर उठून दिसतात आणि गाभ्यातले बारकावेही त्यांत हरवतात. मोठ्या निगेटिव्हवर पापण्या, भुवया, साडीचा काठ गाभ्यात शाबूत राहतात आणि त्यावरची प्रभाही गुळगुळीत उतरते. मृदुता शोभून दिसण्यासाठी तिच्याखाली भरपूर तपशील असावा लागतो आणि मोठा आकार तो पुरवतो.

ही कल्पना कुठून आली?

छायाचित्रणात मृदुतेचा वाद जुना आहे. १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८व्या वर्षी, १८६३ च्या डिसेंबरमध्ये मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. मोठ्या काचेच्या पट्ट्यांवर त्यांनी काढलेल्या व्यक्तिचित्रांत कडा मऊ असत. समकालीन छायाचित्रकारांनी त्यावर कडक टीका केली. आज त्याच छायाचित्रांसाठी त्या ओळखल्या जातात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्र हीसुद्धा कला आहे असे मानणाऱ्या ‘पिक्टोरियलिस्ट’ मंडळींनी मृदुतेचा पुरस्कार केला आणि त्यांच्यासाठी खास लेन्स बनू लागल्या. ऑस्ट्रियात काम करणारे हाइनरिश क्यून यांनी फ्रान्झ श्टेब्ले या प्रकाशतज्ज्ञासोबत विकसित केलेली ‘इमॅगॉन’ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतील रोडेनस्टॉक कंपनीने ती बाजारात आणली.

जवळपास त्याच सुमारास, १९३२ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी ‘एफ/६४’ हा गट स्थापन केला. अतिशय लहान छिद्राचा आकडाच त्यांनी नाव म्हणून घेतला, कारण त्यांचा आग्रह कमालीच्या स्पष्टतेचा होता. विशेष म्हणजे वेस्टन स्वतः आधी मृदू शैलीत काम करत. त्या काळात स्पष्टतेच्या बाजूने वारे फिरले. मृदुता मात्र व्यक्तिचित्रांच्या स्टुडिओत टिकून राहिली.

मीडियम फॉरमॅटसाठी कोणत्या लेन्स आहेत?

जपानी कंपन्यांनी या आकारासाठी काही लेन्स खास बनवल्या. मामिया ६४५ साठी १४५ मिमी एफ/४ आणि आरबी६७ साठी १५० मिमी एफ/४ अशा ‘एसएफ’ लेन्स आहेत. आरझेड६७ साठी मृदुता कमी-जास्त करता येणारी १८० मिमीची लेन्स आली. पेंटॅक्स ६७ साठी १२० मिमी एफ/३.५ ‘सॉफ्ट’ लेन्स आहे. तिच्यावर वेगळे कडे नाही, मृदुता अ‍ॅपर्चरवरूनच ठरते. आरबी६७ च्या लेन्ससोबत छिद्रे पाडलेल्या चकत्या मिळत. मध्ये मोठे छिद्र आणि भोवती लहान छिद्रे अशी त्यांची रचना. मोठ्या छिद्रातून गाभा आणि लहान छिद्रांतून प्रभा येते. चकती बदलली की दोन्हींचे प्रमाण बदलते. हीच युक्ती इमॅगॉनमध्येही आहे.

वापरताना अडचणी कोणत्या?

पहिली अडचण फोकसची. साध्या लेन्समध्ये फोकस जुळला की प्रतिमा एकदम ठसठशीत होते. इथे प्रभेमुळे तो क्षण कळत नाही. शिवाय छिद्र लहान केले की सर्वाधिक स्पष्टतेची जागाच थोडी सरकते. पूर्ण उघड्या छिद्रावर फोकस करून एफ/५.६ वर फोटो घेतला, तर डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येण्याची शक्यता असते. मीडियम फॉरमॅटवर व्यक्तिचित्र घेताना फोकसची खोली मुळातच काही सेंटीमीटरची असते. उपाय एकच, ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो घ्यायचा त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करायचा आणि बुबुळातल्या उजेडाच्या ठिपक्यावर नजर ठेवायची. डिजिटल कॅमेऱ्यात पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहता येते, त्यामुळे हे काम सोपे होते.

दुसरी अडचण उजेडाची. ढगाळ, सपाट प्रकाशात ही लेन्स निस्तेज छायाचित्र देते, कारण प्रभा पसरायला उजळ आणि गडद भागांत फरकच नसतो. ही लेन्स एकूण कॉन्ट्रास्ट कमी करते. त्यामुळे प्रकाशयोजनेत तो नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवावा लागतो. गडद पार्श्वभूमी आणि केसांवर मागून येणारा प्रकाश असेल तर ती खरी खुलते.

तिसरी अडचण शटरची. १०० आयएसओची फिल्म, भर ऊन आणि एफ/४ हे अ‍ॅपर्चर असेल, तर सेकंदाच्या साधारण सोळाशेव्या भागाइतका वेग लागतो. आरबी६७ चे शटर जास्तीत जास्त चारशेव्या भागापर्यंतच जाते. मग छिद्र लहान करावे तर मृदुता जाते आणि न करावे तर फोटो जास्त उजळ होतो. अशा वेळी प्रकाश दोन टप्पे कमी करणारा करडा, म्हणजे ‘एनडी’ फिल्टर लावावा लागतो किंवा सावलीत जावे लागते.

फिल्टरने किंवा संगणकावर हेच साधत नाही का?

काही प्रमाणात साधते. पूर्वी लेन्सवर नायलॉनचा मोजा ताणून बसवत किंवा साध्या फिल्टरच्या कडांना व्हॅसलिन लावत. हॅसलब्लाडच्या छायाचित्रकारांमध्ये कार्ल झाइसचे ‘सॉफ्टार’ फिल्टर लोकप्रिय होते. पृष्ठभागावर सूक्ष्म भिंगांसारखे उंचवटे असलेले हे फिल्टर तीन तीव्रतांत मिळत. त्यांचा परिणाम अ‍ॅपर्चरवर फारसा अवलंबून नसतो आणि ते कोणत्याही लेन्सवर लागतात, ही त्यांची सोय. सॉफ्ट फोकस लेन्समध्ये मात्र प्रभेचे प्रमाण अ‍ॅपर्चरने हवे तसे कमी-जास्त करता येते. फोकसच्या पुढे आणि मागे तिची धूसरताही वेगवेगळी दिसते.

डार्करूममध्ये फोटो छापताना मृदुता आणली तर परिणाम उलटा होतो. कॅमेऱ्यात उजेड अंधारात पसरतो. निगेटिव्हवरून छापताना मात्र गडद भाग उजळ भागात पसरतो आणि चेहरा उजळण्याऐवजी काळवंडल्यासारखा दिसतो. संगणकावर प्रभा तयार करता येते आणि ती नको असल्यास काढूनही टाकता येते. लेन्सने फिल्मवर उमटवलेली प्रभा मात्र मागे घेता येत नाही. त्यामुळे जाणकार छायाचित्रकार मोजकी छायाचित्रे या लेन्सने आणि काही साध्या लेन्सने घेऊन ठेवतात. ज्या व्यक्तीचा फोटो पुन्हा काढता येईलच असे नाही, तिच्या बाबतीत ही काळजी अधिक महत्त्वाची.

जुनी लेन्स घेताना काय पाहावे?

या लेन्स आता प्रामुख्याने वापरलेल्याच मिळतात. योग्य अ‍ॅडॉप्टरने त्या ४४ बाय ३३ मिमी सेन्सरच्या डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांवरही बसवता येतात. मात्र हा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्याने प्रतिमेचा फक्त मधला भाग टिपला जातो. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत काचेवर बुरशी येणे नवे नाही. बुरशीची किंवा आतून धुरकटलेली साधी लेन्सही मऊ छायाचित्र देते आणि इथेच फसगत होऊ शकते. तपासणी सोपी आहे. एकाच चेहऱ्याचे किंवा उजळ दिव्याचे दोन फोटो घ्यावेत, एक पूर्ण उघड्या छिद्रावर आणि दुसरा एफ/११ वर. खरी सॉफ्ट फोकस लेन्स दुसऱ्या फोटोत स्पष्ट होते. धुरकट लेन्सचा राखाडी पडदा दोन्ही फोटोंत राहतो. काचेतून टॉर्चचा प्रकाश टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हेही पाहावे.

सुरकुत्या लपवण्यासाठीच ही लेन्स आहे का?

तिची जाहिरात अनेकदा तशीच झाली. प्रभेमुळे त्वचेवरच्या बारीक रेषांचा कॉन्ट्रास्ट कमी होतो हे खरे, पण रेषा नाहीशा होत नाहीत. आजीचे छायाचित्र या लेन्सने नीट घेतले, तर सुरकुत्या जागच्या जागी असतात आणि पांढऱ्या केसांभोवती उजेड असतो. ‘ब्युटी’ पर्यायातून गेलेल्या चेहऱ्यावर त्या सुरकुत्याच उरत नाहीत आणि कधी कधी ती ओळखीची आजीही उरत नाही. मोबाइल वापरणाऱ्यांनाही यातून एक गोष्ट घेता येईल. ‘ब्युटी’ पर्याय बंद करून चेहरा खिडकीच्या बाजूला आणि पार्श्वभूमी गडद ठेवली, तर मृदुतेचे निम्मे काम प्रकाशच करतो.